ऑइल पेन्सिलने चित्र काढताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

*पेन्सिली घेताना*

– डब्यावर ‘ऑइल-बेस्ड’ छापलेले वाचून मगच पैसे द्या. वॅक्सच्या रंगपेन्सिली दिसायला अगदी सारख्या असतात.
– नुसत्या काळ्या रेखाटनाला क्रेटाकलरची नीरो घ्या. तिच्या ५ ग्रेड आहेत, १ नंबर सर्वांत मऊ आणि ५ नंबर सर्वांत कठीण.
– रंगकामाला फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमोस, लायराची रेम्ब्रांट पॉलिकलर किंवा डरवेंटची लाइटफास्ट यांपैकी तुमच्या दुकानात जी सुटी मिळते ती घ्या. संपलेली एकच पेन्सिल बदलता आली पाहिजे.
– सुरुवातीला १२चा संच पुरे माना. उरलेले रंग थरावर थर देऊन तयार होतात.
– काळी आणि पांढरी दोन-दोन घेऊन ठेवा. डब्यात आधी संपतात त्या याच.
– एक उबदार करडी आणि एक थंड करडी संचात नसेल तर वेगळी घ्या.
– पॉलिक्रोमोसवरचे तारे मोजा. तीन तारे म्हणजे उजेडात सर्वाधिक टिकणारा रंग.
– गुलाबी आणि जांभळ्या छटा स्वतः तपासा: पट्टीवर रंग भरा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका, उन्हाच्या खिडकीत तीन महिने ठेवा, आणि रंग टिकला तरच विकायच्या चित्रात वापरा.
– प्रत्येक पेन्सिलीची नमुनापट्टी ज्या कागदावर काम करणार त्याच कागदावर करा, हलक्या, मध्यम आणि भारी हाताने. पेन्सिलीच्या बुडाला दिसतो तो रंग कागदावर उतरेलच असे नाही.
– नमुन्याखाली रंगाचा क्रमांक लिहा. नावे कंपनीगणिक बदलतात.

*कागद*

– बारीक कामाला ३०० जीएसएमचा हॉट-प्रेस जलरंगाचा कागद घ्या. तो गुळगुळीत असूनही थर धरण्यापुरता दाणा राखतो.
– रोजच्या स्केचिंगला जाड कार्ट्रिज वापरा, तेवढा पुरतो.
– ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहिलेले पाहून घ्या. रंग टिकून कागदच पिवळा पडला तर उपयोग नाही.
– कागद उजेडात तिरका धरून दोन्ही बाजूंचा दाणा पाहा आणि हवी ती बाजू निवडून मागे खूण करा.
– राखाडी किंवा फिक्या तपकिरी कागदावर काळी, सँग्विन आणि पांढरी एवढ्या तीनच पेन्सिलींनी भरपूर अभ्यास करा. मधला टोन कागदच देतो.
– मास्किंग टेप आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून उपटून पाहा. काही कागदांचा पापुद्रा निघतो.
– चित्राखाली आणखी दोन-तीन कागद घाला. बोर्डाच्या लाकडाच्या रेघा वर उमटत नाहीत.
– पावसाळ्यात कोरे कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत ठेवा; दमट कागदाचा पृष्ठभाग टोकाखाली खरवडतो.

*टोक*

– कटरने लाकूड तासा, शिसे ५-६ मिमी उघडे ठेवा आणि टोक सँडपेपरवर फिरवून काढा.
– शार्पनर वापरत असाल तर पाते वेळेवर बदला. बोथट पाते लाकूड ओरबाडते आणि शिसे मोडते.
– थोड्या-थोड्या वेळाने टोक काढा, कंटाळा करू नका. बारीक टोक कागदाच्या खळग्यांत उतरते आणि पांढरे ठिपके राहत नाहीत.
– मोठ्या सावलीसाठी एक पेन्सिल बाजूने झिजवून पाचरीसारखी ठेवा.
– पेन्सिल बोटांत मावेनाशी झाली की एक्स्टेंडरमध्ये घाला.

*आखणी*

– आराखडा दुसऱ्या कागदावर पक्का करा आणि लाइटबॉक्सवर किंवा खिडकीच्या काचेवर धरून उतरवून घ्या. ऑइलची रेघ पूर्ण खोडता येत नाही.
– शिसपेन्सिलीने आखलेच, तर रंगाआधी पुट्टी रबराने टिपून रेघ जेमतेम दिसेल इतकी फिकी करा. रंगाखाली अडकलेले ग्रॅफाइट निघत नाही.
– शक्य तिथे त्या-त्या भागाच्या फिक्या रंगानेच आखा.
– सर्वांत उजळ जागा पहिल्या रेघेआधी ठरवा आणि तिथला कागद कोरा राखा.
– मांजराच्या मिशा, पिकलेले केस, पानांच्या शिरा रिफिल संपलेल्या बॉलपेनने आधी कागदात दाबून काढा. वरून रंग फिरला की त्या पांढऱ्या राहतात.

*थर आणि दाब*

– पेन्सिल मागे धरा आणि पहिले थर फक्त तिच्या वजनाने पडू द्या.
– फिक्याकडून गडदाकडे जा. उलट प्रवास या माध्यमात जवळजवळ अशक्य आहे.
– प्रत्येक थराला रेघांची दिशा बदला. एकाच दिशेच्या रेघा लांबूनही दिसतात.
– पूर्ण चित्र एकत्र पुढे न्या, म्हणजे गडद-फिक्याचा तोल मध्येच कळतो.
– दर थोड्या वेळाने डोळे किलकिले करून विषय आणि चित्र दोन्ही पाहा.
– गडद सावली काळ्याने सुरू न करता डार्क इंडिगो (१५७) आणि डार्क सेपिया (१७५; इथले सगळे क्रमांक पॉलिक्रोमोसचे) एकावर एक देऊन करा, आणि काळी शेवटी, लागलीच तर.
– उजव्या हाताने काढत असाल तर वरून डावीकडून सुरू करा, डावऱ्यांनी वरून उजवीकडून.
– हाताखाली ग्लासिन किंवा बटर पेपर ठेवा; आपल्याकडच्या हवेत तळहाताचा घाम कागदावर उतरतोच.
– पेन्सिलीचा भुगा मऊ, कोरड्या ब्रशने झटका.
– दाबून घोटायचे असेल तर अगदी शेवटी घोटा. घोटलेल्या जागी दाणा संपतो आणि पुढचा थर बसत नाही.

*काळा दगड, पितळ आणि त्वचा*

– सह्याद्रीचा बेसॉल्ट काढताना तीन रंग ठेवा: उन्हाच्या बाजूला वॉर्म ग्रे ४ (२७३), सावलीला खाली डार्क इंडिगो, त्यावर डार्क सेपिया. दगड काळा म्हणतात तरी उन्हात तो काळा दिसत नाही.
– बेसॉल्टची बारीक छिद्रे शेवटी नीरोच्या कठीण टोकाने टिपा, आणि प्रत्येक छिद्राच्या उजेडाकडच्या काठाला सावली, समोरच्या काठाला उजेड ठेवा. तेवढ्यानेच ती खोल वाटतात.
– वेरूळच्या कैलासासारख्या कोरीव कामात आधी मोठ्या सावल्या बसवा, मूर्ती नंतर.
– समईचे पितळ काढताना चमक कोरी ठेवा आणि तिच्या लगेच शेजारी सर्वांत गडद रेघ द्या; धातूचा भास पिवळ्या रंगाने नाही, या शेजारामुळे येतो.
– समईच्या खालच्या अंगाला जमिनीचा किंवा पाटाचा रंग हलका फिरवा; पितळ आजूबाजूचे सगळे उचलते.
– आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला बर्न्ट ओकर (१८७) पासून सुरुवात करा, मग व्हेनिशियन रेड (१९०), मग वॉलनट ब्राउन (१७७).
– त्वचेच्या सावलीत डार्क इंडिगोचा एक विरळ हात द्या आणि त्यावर पुन्हा तपकिरी फिरवा. सावली थंड होते, पण मेलेली वाटत नाही.
– कानाची पाळी, नाकपुडी आणि बोटांची पेरे यांवर तांबडा जास्त ठेवा. तिथे रक्त त्वचेजवळ असते.

*सॉल्व्हंट आणि इतर माध्यमे*

– रंग पातळ करायला बिनवासाचे मिनरल स्पिरिट वापरा, तेही थेंबभर.
– ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून कापडावर टिपा, मग चित्राला लावा.
– फिक्या भागाकडून गडदाकडे ब्रश न्या आणि दर रंगाला तो पुसा.
– कागद पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा थर चढवा.
– खिडक्या उघडून काम करा आणि बाटलीचे झाकण लगेच लावा.
– जलरंग किंवा मार्कर वापरायचा तर आधी वापरा, कडक वाळू द्या, आणि ऑइल पेन्सिल वर चालवा.
– शाईच्या रेघा वॉटरप्रूफ पेनने आधी मारून घ्या.
– वॅक्सच्या पेन्सिलीही वापरायच्या असतील तर ऑइलचा थर खाली आणि वॅक्सचा वर ठेवा.
– काळ्या कागदावर रंगाखाली पांढऱ्याचा थर द्या. नाहीतर कागद रंग गिळतो.

*चूक सुधारताना*

– पुट्टी रबर दाबून उचला, दर वेळी नवी बाजू घ्या.
– कमी चिकट टेप चुकीवर ठेवा, वरून बॉलपेनने नको तेवढाच भाग हलका गिरवा आणि टेप उचला. त्या आकाराचा रंग टेपबरोबर येतो.
– ३०० जीएसएमच्या कागदावर हट्टी ठिपका नव्या ब्लेडने, पाते आडवे धरून, अलगद खरवडा.
– शेवटची चमक हवी असेल तर पांढऱ्या ग्वाशचा एक ठिपका द्या.

*बाहेर स्केचिंगला जाताना*

– पाच पेन्सिली पुरेशा माना: मऊ काळी, मध्यम काळी, सँग्विन, सेपिया, पांढरी.
– टोके घरूनच काढून न्या आणि पेन्सिली गुंडाळीच्या कापडी पाऊचमध्ये ठेवा, म्हणजे त्या एकमेकींवर आपटत नाहीत.
– बोर्डाला दोन क्लिपा खालच्या बाजूलाही लावा. घाटावर आणि गडावर वारा खालून येतो.
– कागद सावलीत धरा. उन्हात पांढऱ्या कागदावरचा टोन हमखास चुकतो.
– सावल्यांची बाजू पहिल्या पाच मिनिटांत नक्की करून टाका. मेणवलीच्या घाटावर सकाळी धरलेली सावली दुपारी जागेवर नसते.

*जतन*

– फिक्सेटिव्ह मारायचाच असेल तर ३० सेंमी अंतरावरून, दोन विरळ हात मारा, आणि आधी नमुनापट्टीवर मारून पाहा.
– फ्रेममध्ये माउंट घाला. काच चित्राला टेकली की रंग काचेला लागतो.
– यूव्ही काच परवडत असेल तर तीच घ्या.
– न लावलेली चित्रे आडवी ठेवा, प्रत्येक दोन चित्रांमध्ये ग्लासिन घाला.
– पावसाळ्यानंतर सगळी चित्रे एकदा बाहेर काढून सावलीत वारा लागू द्या. कोकणात आणि मुंबईत बुरशी फ्रेमच्या मागून सुरू होते.
– पूर्ण झालेले चित्र स्कॅन करून ठेवा, छपाईसाठी किमान ३०० डीपीआयवर.

काय टाळावे

*पेन्सिली घेताना*

– ऑइल पेस्टल म्हणजेच ऑइल पेन्सिल असे समजू नका; दोन्हींचे काम वेगळे.
– ७२ किंवा १२०चा डबा पहिल्याच खेपेला घेऊ नका. रंग मिसळायला शिकणे राहून जाते.
– ‘आर्टिस्ट ग्रेड’ एवढ्या शब्दांवर विसंबू नका. रंग किती टिकतो याची खूण पेन्सिलीवर नसेल तर ती सरावापुरती ठेवा.
– पडलेली पेन्सिल लगेच शार्पनरमध्ये घालू नका. शिसे आत तुटलेले असते आणि तुकड्यातुकड्याने संपते.
– तुटलेले शिसे जोडायला पेन्सिल मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. नावाच्या चंदेरी-सोनेरी छापामुळे ठिणग्या उडतात.
– पेन्सिली बंद गाडीत उन्हात सोडू नका. शिसे मऊ पडते.

*कागद*

– फोटोकॉपीचा कागद चित्रासाठी घेऊ नका. तिसऱ्या थराला तो गुळगुळीत होऊन रंग नाकारतो.
– काचेसारखी चकचकीत आयव्हरी शीट टाळा. टोक घसरते आणि थर बसत नाहीत.
– फार खरखरीत हँडमेड कागदावर चेहरा काढू नका; दाणा डोळ्यांच्या कडा मोडतो.
– खाकी कागदावर ठेवणीतले चित्र करू नका. सरावाला तो उत्तम आहे, पण काळाबरोबर ठिसूळ होतो.
– चित्र काढायच्या जागेला क्रीम किंवा तेल लावलेला हात लावू नका. तो डाग रंग चढल्यावर दिसू लागतो.

*टोक*

– शार्पनरमध्ये पेन्सिल ढकलू नका, सावकाश फिरवा.
– सँडपेपर चित्रावर धरून घासू नका. भुकटीचा काळा ठिपका खोडताना पसरतो.
– बोथट टोकाने दाब वाढवून काम चालवू नका.

*आखणी*

– मऊ शिसपेन्सिलीने, ४बी किंवा ६बीने, आखू नका. फिका रंग तिच्यावरून गेला की करडा होतो.
– कार्बन पेपरने चित्र उतरवू नका; त्याची रेघ तेलकट असते आणि वर येत राहते.
– पांढरी पेन्सिल शेवटी सगळे सावरेल या भरवशावर राहू नका. गडद थरावर ती फक्त धुरकट दिसते.

*थर आणि दाब*

– पहिल्या थरात दाबू नका. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका; दबलेला दाणा परत उठत नाही.
– बोटाने रंग पसरवू नका. ही कोळशाची सवय इथे कागद मेणचट करते.
– एक डोळा पूर्ण करून मग दुसरा सुरू करू नका.
– भुगा तोंडाने फुंकू नका. थुंकीचा बारीकसा थेंबही रंग नाकारणारा डाग ठेवतो.
– सगळीकडे सारखेच घोटू नका. चमकणाऱ्या चित्रात खोली उरत नाही.
– तयार ‘स्किन’ रंगाच्या पेन्सिलीने चेहरा भरू नका. आपल्याकडचा एकही चेहरा त्या रंगाचा नसतो.
– दगडाच्या भिंतीतला प्रत्येक चिरा सारख्याच रेघेने बांधू नका; उजेडातले सांधे हरवू द्या.
– सोन्याच्या दागिन्यांना सोनेरी मेटॅलिक पेन्सिल लावू नका; स्कॅनमध्ये ती मातकट करडी येते.

*सॉल्व्हंट आणि इतर माध्यमे*

– थर द्यायला हात बसण्याआधी सॉल्व्हंटला हात लावू नका. ते रेघेतली कमजोरी झाकते, घालवत नाही.
– खोबरेल, शेंगदाण्याचे किंवा स्वयंपाकाचे कुठलेही तेल वापरू नका. कागदावर पिवळट कडा फुटते आणि वास धरतो.
– रॉकेलही नको. त्याचा वास जात नाही.
– बेबी ऑइल ठेवणीतल्या चित्राला लावू नका. ते वाळतच नाही.
– पातळ कागदावर सॉल्व्हंट लावू नका. स्केचबुकच्या मागच्या पानापर्यंत झिरपते.
– वापरलेले सॉल्व्हंट मोरीत ओतू नका, आणि लहान मुले असलेल्या खोलीत बाटली उघडी ठेवू नका.
– जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका; त्या आपोआप पेट घेऊ शकतात.
– ऑइलच्या थरावर जलरंग मारू नका. पाणी मणी होऊन उभे राहते.
– ऑइलच्या थरावर टेक्निकल पेन किंवा मार्कर चालवू नका. निब तेलाने तुंबते.
– शिसपेन्सिलीची सावली ऑइल पेन्सिलीच्या काळ्यात मिसळू नका. ग्रॅफाइट चमकते, हा काळा मॅट राहतो, आणि फ्रेममध्ये दोन्ही वेगळे दिसतात.

*चूक सुधारताना*

– शाळेच्या खोडरबराने घासू नका. रंग निघायच्या ऐवजी पसरतो आणि दाणा जातो.
– पातळ कागदावर ब्लेड चालवू नका.
– चूक झाकायला त्या जागी दाबून गडद करू नका. सगळ्यात आधी नजर तिथेच जाते.

*बाहेर स्केचिंगला जाताना*

– अख्खा डबा घेऊन गडावर चढू नका. निवडण्यात उजेड निघून जातो.
– किल्ल्याच्या किंवा लेण्याच्या दगडावर टोक घासू नका, नमुन्याची रेघही मारू नका.
– पहिल्या पावसाच्या सरीत झाडाखाली काम चालू ठेवू नका; चित्र तगेल, कागद फुगेल.

*जतन*

– दमट दिवशी फिक्सेटिव्ह मारू नका. थरावर पांढुरके धुके येते. जून ते सप्टेंबर तो कपाटातच राहू द्या.
– हेअरस्प्रेने काम भागवू नका; कागद पिवळा पडतो.
– चित्र लॅमिनेट करून घेऊ नका. यंत्राच्या उष्णतेत रंग मऊ होऊन सरकतो.
– चित्रांमध्ये वर्तमानपत्र घालू नका. त्यातले अ‍ॅसिड आणि शाई दोन्ही उतरतात.
– पश्चिमेच्या उन्हाच्या आणि पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका.
– चित्र रंगाची बाजू आत घेऊन घट्ट गुंडाळू नका. न्यायचेच असेल तर रुंद नळी घ्या, ग्लासिन लावा आणि रंगाची बाजू बाहेर ठेवा.
– स्कॅन झाल्यावर स्कॅनरची काच न पुसता पुढचे चित्र त्यावर ठेवू नका.